कॉलेजच्या गेटबाहेरचा बाजार : मॉल नको, आधी चालायला रस्ता हवा! शिरूर-दौंडकरांसाठी सविस्तर माहिती

दुपारी कॉलेज सुटलं की गेटबाहेर काय दिसतं? वडापावच्या गाडीवर गर्दी, झेरॉक्सच्या दुकानात रांग, रसवंतीच्या घुंगरांचा आवाज, मोबाईल रिचार्जची टपरी. मधोमध दुचाकी, वडाप आणि उसाचा ट्रॅक्टर. आणि या सगळ्यातून वाट काढत एसटी स्टँडकडं निघालेल्या पोरी, साइडपट्टीवरून, एकामागं एक.

म्हणजे बाजार आहे, गिऱ्हाईक आहे, पैसा पण आहे. नाही ती फक्त चालायला जागा.

शिरूर आणि दौंड तालुक्यांत आता शिक्षणाची ठिकाणं कमी राहिलेली नाहीत. शिरूरचं चांदमल ताराचंद बोरा महाविद्यालय, तळेगाव ढमढेरेचं साहेबराव शंकरराव ढमढेरे महाविद्यालय, पाबळचा विज्ञान आश्रम, दौंडचं के. जी. कटारिया महाविद्यालय, केडगावचं सुभाष बाबुराव कुल महाविद्यालय आणि सोलापूर महामार्गालगत स्वामी चिंचोलीचं दत्तकला शैक्षणिक संकुल. हद्दीपलीकडं हवेली तालुक्यात वाघोलीची कॉलेजं आहेत, लोणी काळभोरला एमआयटी एडीटी विद्यापीठ आहे. अशा प्रत्येक ठिकाणाभोवती खाण्यापिण्याचा, खरेदीचा आणि करमणुकीचा बाजार उभा राहतोच. तो पायी फिरता येईल असा, नीट आखून कसा उभा करायचा, त्यात कुणाचा फायदा, कुणाचं नुकसान, कायदा काय सांगतो आणि अर्ज कुठं करायचा, हे या लेखात एकत्र दिलं आहे. लेख सेव्ह करून ठेवा, ग्रामसभेत कामाला येईल.

आधी पुण्यातली दोन उदाहरणं पाहू

पहिलं उदाहरण फर्ग्युसन रस्त्याचं, म्हणजे आपल्या पोरांच्या भाषेत एफसी रोड. फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ साली सुरू झालं. या रस्त्याचं कागदावरचं नाव नामदार गोपाळ कृष्ण गोखले पथ. कॉलेजच्या समोर आणि आजूबाजूला वैशाली, रूपाली यांसारखी हॉटेलं, पुस्तकांची, कपड्यांची, चपलांची दुकानं. हा बाजार कुठल्या कंपनीनं एका दमात बांधला नाही. विद्यार्थी चालत होते, म्हणून एकेक दुकान येत गेलं. शेजारच्या जंगली महाराज रस्त्यावर १९६८ साली बालगंधर्व रंगमंदिर उभं राहिलं. तिथंच संभाजी उद्यान आहे, पाताळेश्वराची लेणी आहेत. म्हणजे खाणं, खरेदी, नाटक आणि बसायला बाग, सगळं पायी अंतरावर.

पुणे महापालिकेनं २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारलं आणि त्यानंतर जंगली महाराज रस्त्याचा एक भाग नव्यानं आखला. पदपथ रुंद केले, बसायला बाकं आली, लहान मुलांना खेळायला जागा झाली. तक्रारीही आहेत. पदपथावर दुचाकी चढतात, गाड्या लागतात. पण संध्याकाळी म्हातारी माणसं आणि लेकरं घेऊन आया तिथं निवांत बसलेल्या दिसतात, ही गोष्ट नाकारता येणार नाही.

दुसरं उदाहरण त्याच शहरातलं, पण उलटं. गणेशखिंडीतलं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. १९४९ साली सुरू झालेलं, ४११ एकरांचं आवार. विद्यार्थ्यांची संख्या मोठी, नाव मोठं. पण गेटबाहेर काय आहे? विद्यापीठ चौक. तिथं आधी उड्डाणपूल बांधला, २०२० मध्ये तो पाडला, मग वर मेट्रो आणि खाली वाहनं असा दुमजली पूल बांधायला घेतला. सगळा विचार गाडी कशी पुढं जाईल याचा. त्यामुळं एवढं मोठं विद्यापीठ असूनही त्याच्या गेटसमोर एफसी रोडसारखा फिरायचा रस्ता तयार झाला नाही.

आपल्यासाठी यातला अर्थ सरळ आहे. विद्यापीठ किती मोठं यावर बाजार ठरत नाही. गेटबाहेर माणूस निवांत चालू शकतो का, यावर ठरतो.

बाहेरच्या जगात काय झालं?

डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात स्ट्रॉयेट नावाचा बाजाररस्ता आहे. नोव्हेंबर १९६२ मध्ये तो गाड्यांना बंद केला, फक्त चालणाऱ्यांसाठी ठेवला. व्यापारी चिडले. गाडी आली नाही तर गिऱ्हाईक कसं येणार, हा त्यांचा प्रश्न. आधी प्रयोग म्हणून केला होता, १९६४ मध्ये कायमचा झाला. आज तो जगातल्या नावाजलेल्या पायी बाजारांपैकी एक आहे.

अमेरिकेत मात्र दुसरंच घडलं. १९६० आणि ७० च्या दशकांत तिथल्या जवळपास २०० गावा-शहरांनी मुख्य बाजारपेठेचा रस्ता गाड्यांना बंद केला. बहुतेक ठिकाणी बाजार ओस पडला आणि रस्ता परत उघडावा लागला. जे टिकले त्यांत विद्यापीठांची गावं बरीच आहेत. कोलोरॅडोतलं बोल्डर, व्हरमाँटमधलं बर्लिंग्टन ही त्यांतली नावं. कारण उघड आहे. तिथं पायी अंतरावर राहणारी, रोज येणारी माणसं आधीपासून होती.

आपल्याकडं चेन्नईत पाँडी बाजारचा पदपथ २०१९ मध्ये रुंद करून खुला झाला. दिल्लीच्या चांदणी चौकाचा मुख्य रस्ता २०२१ मध्ये पायी चालणाऱ्यांसाठी नव्यानं तयार झाला. पुण्यातही ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा एक टप्पा दिवसभर गाड्यांना बंद ठेवून पादचारी दिन साजरा केला. नंतरच्या वर्षांतही तो होत राहिला. एका दिवसाचा प्रयोग करून बघायचा, हा मार्ग आपल्या गावालाही परवडणारा आहे.

पैशाचं गणित : एक साधा हिशोब

समजा, एका कॉलेजात २,००० विद्यार्थी आहेत. त्यातल्या निम्म्यांनी रोज गेटबाहेर ३० रुपये खर्च केले. चहा, वडापाव, झेरॉक्स, पेन, एवढंच धरू.

- १,००० विद्यार्थी × ३० रुपये = दिवसाला ३०,००० रुपये
- वर्षात कॉलेज २०० दिवस भरलं तर = ६० लाख रुपये

आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तुमच्या गावचे आकडे तुम्ही टाका. पण एक गोष्ट लक्षात येईल. हा पैसा छोटा नाही. तो गावातल्या गाडीवाल्या मावशीकडं जातो, दूध घालणाऱ्या शेतकऱ्याकडं जातो, की पोरं शनिवारी पुण्याला जाऊन तिथं उडवतात, हे ठरवायचं आपल्या हातात आहे.

याच हिशोबात धोकाही आहे. २०० दिवस कॉलेज, म्हणजे उरलेले १६५ दिवस रस्ता रिकामा. उन्हाळ्याची सुट्टी, दिवाळी, परीक्षेचा काळ. फक्त विद्यार्थ्यांच्या भरवशावर मोठं कर्ज काढून हॉटेल टाकलेल्या माणसाचे हप्ते मे महिन्यात थांबत नाहीत. म्हणून हा बाजार विद्यार्थ्यांचा आणि गावाचा, दोघांचा असला पाहिजे. सकाळी शेतकऱ्याची ताजी भाजी, दुपारी विद्यार्थी, संध्याकाळी घरची माणसं. असा दिवस तीन पाळ्यांत वाटला गेला तरच दुकान बारा महिने चालतं.

करमणूक म्हणजे फक्त गेमझोन नव्हे

करमणूक म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर मल्टिप्लेक्स येतं. ते आलं तर चांगलंच, पण त्याची वाट बघायची गरज नाही. दौंड तालुक्यातलं चौफुला लावणीच्या कला केंद्रांसाठी महाराष्ट्रभर ओळखलं जातं. यात्रेत तमाशाचे फड आणि कुस्तीचे आखाडे बघत आपण मोठे झालो. लोक एकत्र जमायला काय लागतं हे आपल्याला नव्यानं शिकवावं लागत नाही.

कॉलेजशेजारी कमी खर्चात होण्यासारख्या गोष्टी अशा:

- खुला रंगमंच : सिमेंटचा चौथरा, पायऱ्या, दिवे आणि वीज जोडणी. दिवसा विद्यार्थी सराव करतील, संध्याकाळी भजन, कीर्तन, पोवाडा होईल. पुण्यात १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा होते. ग्रामीण कॉलेजच्या पोरांना सरावाला साधी जागा मिळत नाही, ती अडचण दूर होईल.
- अभ्यासिका आणि वाचनालय : पोलीस भरती, तलाठी, एमपीएससीची तयारी करणारी पोरं-पोरी रात्री उशिरापर्यंत बसतात. अभ्यासिका चालू असली की रस्त्यावर वर्दळ राहते आणि रस्ता सुरक्षित राहतो.
- बचत गटांचे स्टॉल : थालीपीठ, शेंगदाण्याची चटणी, हुरड्याच्या दिवसांत हुरडा. पोरांना घरचं खायला मिळतं, बायकांना बाजार मिळतो.
- दुरुस्तीची दुकानं : मोबाईल, सायकल, चप्पल, दप्तर. पाबळच्या विज्ञान आश्रमात १९८३ पासून हातानं काम करत शिकण्यावर भर आहे. अशी कौशल्यं शिकलेल्या पोरांना दुकान टाकायला ही जागा चांगली.

रस्ता कसा आखायचा? १२ मीटरचं उदाहरण

पदपथाबाबत भारतीय रस्ते काँग्रेसची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आयआरसी १०३ या क्रमांकाची. त्यानुसार पदपथावर चालण्यासाठी कमीत कमी १.८ मीटर, म्हणजे साधारण सहा फूट मोकळी जागा हवी. बाजाराच्या ठिकाणी त्यापेक्षा जास्त. मधे खांब, डीपी, झाड, पाटी काही नको. पदपथ रस्त्यापासून १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नसावा, नाहीतर म्हातारी माणसं चढतच नाहीत, खालूनच चालतात.

समजा, कॉलेजसमोरचा गावरस्ता १२ मीटर रुंद आहे. तर तो असा वाटता येईल:

- मधे दोन्ही बाजूंच्या वाहनांसाठी ६ मीटर
- दोन्ही कडांना चालण्यासाठी २-२ मीटर, एकूण ४ मीटर
- एका बाजूला हातगाड्या, झाडं, दिवे, बाकं यांसाठी २ मीटर

एकूण १२ मीटर. हातगाड्यांचा पट्टा शक्यतो कॉलेजच्या बाजूलाच ठेवा, म्हणजे वडापावसाठी पोरांना रस्ता ओलांडावा लागणार नाही. पण गेटसमोरची जागा मोकळी सोडा. जिथं ओलांडावंच लागतं, एसटीच्या थांब्याजवळ, तिथं झेब्रा पट्टे, गतिरोधक आणि दिवा हवा.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. हे सगळं गावाच्या आतल्या रस्त्यावर. पुणे-सोलापूर किंवा पुणे-अहिल्यानगर महामार्गाच्या कडेला पायी बाजार करायचा विचारही करू नका. कॉलेज महामार्गालगत असेल तर बाजार आतल्या बाजूच्या जोडरस्त्यावर न्या आणि महामार्ग ओलांडायला भुयारी मार्ग किंवा पादचारी पूल मागा. राष्ट्रीय महामार्गाच्या जागेत केलेलं अतिक्रमण २००२ च्या राष्ट्रीय महामार्ग नियंत्रण कायद्याखाली हटवता येतं. आज टाकलेली टपरी उद्या जेसीबीखाली जाईल. जिवाचा धोका वेगळाच.

मुलींच्या नजरेतून रस्ता बघा

१७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. शाळा-कॉलेजच्या मुलींची ये-जा वाढली आहे. पण एसटीतून उतरल्यापासून कॉलेजच्या गेटपर्यंतचं अंतर कुणी मोजत नाही. अंधार, मधे मोकळं रान, टोळक्यानं बसलेली पोरं, साइडपट्टीवरून घासून जाणारी वाहनं. यामुळं किती तरी घरांत बारावीनंतर शिक्षण थांबवायचा विषय निघतो. कारण सांगितलं जातं 'लांब पडतंय', खरं कारण रस्ता असतो.

म्हणून आराखड्यात या चार गोष्टी आधी, बाकी सजावट नंतर:

१. थांब्यापासून गेटपर्यंत सलग दिवे. एकही काळोखा टप्पा नको.
२. महिलांसाठी स्वच्छतागृह, पाणी असलेलं आणि उघडं राहणारं. कुलूप लावलेलं नव्हे.
३. संध्याकाळी उशिरापर्यंत चालू राहणारी दोन-चार दुकानं. चालू दुकान हा मोठा पहारा असतो.
४. थांब्यावर शेड आणि बसायला जागा, कारण गाडी चुकली की तास-दीड तास जातो.

कायदा काय सांगतो?

चालणाऱ्यांचा हक्क : मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की सुरक्षित पदपथ वापरण्याचा हक्क हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. पदपथ अडथळामुक्त आणि दिव्यांगांना वापरता येईल असा असावा, असंही सांगितलं. ठरावात आणि अर्जात याचा उल्लेख जरूर करा.

विकणाऱ्यांचा हक्क : १९८९ मध्ये सोदन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं रस्त्याकडेला धंदा करण्याचा हक्क मान्य केला, अर्थात वाजवी निर्बंधांसह. पुढं २०१४ चा पथविक्रेता कायदा आला. शिरूर आणि दौंड नगरपरिषदांच्या हद्दीत हा कायदा लागू आहे. त्यातल्या कामाच्या तरतुदी:

- नगर पथविक्रेता समिती असली पाहिजे. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले आणि त्यांतल्या एक तृतीयांश महिला.
- दर पाच वर्षांतून किमान एकदा विक्रेत्यांचं सर्वेक्षण. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला हटवता येत नाही.
- दुसरीकडं हलवायचं असेल तर ३० दिवसांची नोटीस.
- माल जप्त केला तर मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि इतर माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत द्यायचा.

ग्रामपंचायत हद्दीत काय? २०१४ चा हा कायदा नगरपालिका, नगरपंचायत, महापालिका, छावणी मंडळ अशा शहरी हद्दींसाठी आहे. गावात ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चालतो. त्याच्या कलम ५३ खाली रस्त्यावरचा अडथळा व अतिक्रमण काढायचा अधिकार पंचायतीला आहे. म्हणजे गावातल्या गाडीवाल्याला शहरातल्या गाडीवाल्याएवढं संरक्षण कागदावर नाही. म्हणून गावात ग्रामसभेचा ठराव महत्त्वाचा. कोण किती वर्षांपासून बसतंय, त्याला कुठली जागा, भाडं किती, हे ठरावात नावानिशी आलं पाहिजे. वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात, ती संधी सोडू नका.

तंबाखूबंदी : शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्ड, म्हणजे साधारण ९१ मीटरच्या आत सिगारेट, गुटखा, तंबाखू विकायला २००३ च्या कोटपा कायद्यानं बंदी आहे. अठरा वर्षांखालच्यांना तर कुठंच विकता येत नाही. आराखडा करताना हे ९१ मीटर नकाशावर आखूनच घ्या. पानटपरीवाल्याला आधी सांगा, त्याला चहा-नाश्त्याचा पर्याय द्या. नंतर भांडणं होत नाहीत.

खाद्यविक्री : हातगाडी असली तरी एफएसएसएआयची नोंदणी लागते. ऑनलाइन होते.

कर्ज : पंतप्रधान स्वनिधी योजना जून २०२० मध्ये सुरू झाली. ऑगस्ट २०२५ मधल्या बदलानंतर पहिलं कर्ज १५,००० पर्यंत, ते फेडल्यावर २५,००० पर्यंत आणि मग ५०,००० रुपयांपर्यंत. तारण लागत नाही, वेळेवर फेडलं तर ७ टक्के व्याज अनुदान मिळतं. मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत वाढवली आहे. योजना मुळात शहरी विक्रेत्यांसाठी, पण जनगणना शहरं आणि शहरालगतच्या गावांपर्यंत ती टप्प्याटप्प्यानं नेण्याचं ठरलं आहे. तुमचं गाव बसतं का ते जवळच्या नगरपरिषदेत विचारा.

जमीनवाल्यांनो, घाई करू नका

'इथं युनिव्हर्सिटी येतीय, दोन वर्षांत सोनं होईल' असं सांगून गुंठ्यानं जमीन विकणारे आणि घेणारे दोन्ही तालुक्यांत फिरत असतात. दोन्ही बाजूंनी फसगत होऊ शकते. व्यवहाराआधी एवढं बघाच:

- सातबारा, फेरफार आणि मोजणीचा नकाशा.
- जमीन कुठल्या झोनमध्ये आहे? शिरूर व दौंडचा काही भाग पीएमआरडीएच्या हद्दीत येतो. तिथं परवानगी पीएमआरडीएची, नगरपरिषद हद्दीत नगरपरिषदेची.
- बिगरशेती वापर आणि मंजूर रेखांकन आहे का? तुकडेबंदी कायदा आड येतो का?
- प्लॉटिंगचं क्षेत्र ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर महारेराची नोंदणी लागते. क्रमांक मागा, वेबसाइटवर तपासा.

आणि एक विचार करा. रस्त्याकडेची जमीन एकदाच विकली तर पैसा एकदाच येतो. त्याच जागेत चार गाळे काढून भाड्यानं दिले तर दर महिन्याला येतो. पण गाळ्याचं भाडं एवढं चढवू नका की गावचा पोरगा बाहेर आणि बाहेरची साखळी दुकानं आत. मग बाजार गावात राहील, पण गावाचा राहणार नाही.

सुरुवात कशी करायची? सहा पायऱ्या

१. मोजा. एका आठवड्यात सकाळी, दुपारी, संध्याकाळी किती माणसं चालतात, किती गाड्या जातात, किती टपऱ्या आहेत, हे लिहून काढा. कॉलेजच्या एनएसएसची पोरं हे काम आनंदानं करतात.

२. रस्ता कुणाचा ते शोधा. ग्रामपंचायत, नगरपरिषद, जिल्हा परिषद, सार्वजनिक बांधकाम विभाग की महामार्ग प्राधिकरण? तोंडी सांगण्यावर जाऊ नका. माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

३. सगळ्यांना एकत्र बसवा. प्राचार्य, सरपंच किंवा मुख्याधिकारी, दुकानदार, हातगाडीवाले, रिक्षा-वडापवाले, एसटी आगार, पोलीस, आणि विद्यार्थिनी. शेवटचं नाव विसरू नका, बैठकीत बहुतेक वेळा त्याच नसतात.

४. एक दिवस करून बघा. स्नेहसंमेलनाच्या दिवशी किंवा एखाद्या शनिवारी गेटसमोरचा टप्पा काही तास गाड्यांना बंद ठेवा. वाहतुकीसाठी पोलिसांची परवानगी घ्या, रुग्णवाहिका आणि अग्निशामक गाडीला वाट राखून ठेवा. त्या दिवशी दुकानदारांचा गल्ला किती झाला ते विचारा. रोजच्यापेक्षा जास्त भरला तर विरोध करणारे आपोआप गप्प होतात. कमी भरला तर का, ते समजतं, आणि लाखो रुपये वाचतात.

५. तात्पुरती आखणी करा. लगेच पेव्हर ब्लॉक नको. आधी पांढरे पट्टे, कुंड्या, दोरी. सहा महिने बघा. पावसाळ्यात पाणी कुठं तुंबतं, उसाच्या हंगामात ट्रॅक्टर कुठं अडकतात, हे कळल्यावरच पक्कं काम करा.

६. निधी मागा. ग्रामपंचायतीनं विकास आराखड्यात काम घ्यावं, वित्त आयोगाचा निधी, जिल्हा वार्षिक योजना आणि आमदार-खासदार निधी यांतून मागणी करावी. नगरपरिषदेसाठी नगरोत्थान योजना आहे. मोजणीचे आकडे आणि ठराव जोडलेला अर्ज वजनदार ठरतो.

नंतर सांभाळणार कोण?

उद्घाटनाचा फोटो निघतो आणि सहा महिन्यांनी पदपथावर वाळूचा ढीग पडतो, हे आपण पाहिलेलं आहे. म्हणून झाडलोट, कचरा, दिवे आणि पाणी याची जबाबदारी कुणाची, हे ठरावातच लिहा. हातगाडी आणि गाळ्यांकडून मिळणाऱ्या भाड्यातला ठरलेला हिस्सा याच रस्त्यावर खर्च व्हावा. दुचाकीसाठी वेगळी जागा आधीच ठेवा, नाहीतर पदपथच पार्किंग होईल. कॉलेजनंही आपल्या आवारात विद्यार्थ्यांच्या गाड्या घेतल्या पाहिजेत.

थोडक्यात

बाजार आणायला मोठा बिल्डर किंवा मोठं विद्यापीठ लागत नाही. आपल्या कॉलेजच्या गेटबाहेर तो आजच उभा आहे, उन्हात आणि धुळीत. तिथं आधीपासून बसलेल्या माणसाला जागा, चालणाऱ्या पोरीला सहा फूट वाट आणि संध्याकाळी उजेड, एवढं दिलं की बाकीचं दुकानदार स्वतःच उभं करतात.

पुढच्या ग्रामसभेची नोटीस लागली की विषयपत्रिका वाचा. हा विषय तिच्यात नसेल, तर सभेआधी लेखी अर्ज देऊन तो घ्यायला लावा आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.